थची गाठ

दीड महिन्याच्या लसीला भाचीला घेऊन वहिनी आणि मी गेलो होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात लाकडी बाकं, फिनेलचा वास आणि आतल्या खोलीतून दर दोन मिनिटांनी एक नवी किंकाळी. बाहेरची बाळं ती ऐकून अंदाज घेतल्यासारखी गप्प व्हायची आणि मग एकदम सुरू व्हायची. नर्सबाईंनी दार अर्धवट उघडून कार्डावरचं नाव वाचलं, "भागीरथी!" आणि बाकांवरची झाडून सगळी माणसं एकाच दिशेला वळली. टोकाला एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, नऊवारीतल्या, नातवाचं पोर मांडीवर घेऊन. नर्सबाईंनीही त्यांच्याकडंच पाहिलं. "आजी, तुम्हाला दाखवायचं असेल तर पलीकडं केसपेपर काढा. हे लहान मुलांचं आहे." आजी गोंधळल्या. "म्या न्हाई बाई," म्हणाल्या. तोवर वहिनी दुपट्यातलं गाठोडं सावरत उभी राहिली होती. "आमची आहे. ही." मग व्हरांडाभर हसू पिकलं. वाईट नव्हतं ते. नर्सबाई हसल्या, आम्हीही हसलो. अशा वेळी आपण हसलो नाही की लोकांना अपराधी वाटतं.

लस टोचून बाहेर आलो तर त्या आजींनी वहिनीचा हात धरून थांबवलं. "खरंच भागीरथी ठेवलंय?" वहिनी म्हणाली, "हो. पणजीचं नाव." आजींनी दुपट्याबाहेर आलेलं बाळाचं पाऊल दोन बोटांत धरलं, अंगठा जरा चोळला. "आमच्या सासूचं नाव," त्या म्हणाल्या. "लई जाच केला बाईनं." मग ते पाऊल हलकेच दुपट्यात सारलं आणि दुसरीकडं बघायला लागल्या.

एवढंच.

रिक्षात बाळ झोपलं, वहिनीला पण डुलकी लागली. मी मात्र ते वाक्य घोळवत बसले. आमच्या लेखी भागीरथी म्हणजे आमची आजी. तिच्या लुगड्याला येणारा कापराचा वास, तिची तपकिरीची डबी, वाळवणावर बसून कावळ्यांना घातलेल्या शिव्या. हे नाव जगात दुसऱ्या कुणाचंही असणार, त्या दुसऱ्या भागीरथीच्या हातचा मार कुणीतरी खाल्ला असणार, हे मनात आलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर येऊ दिलं नव्हतं. कारण आमच्याच घरात एक बाई अशी होती, जिच्यासाठी भागीरथी म्हणजे आधी सासू होती.

आमची आई.

नाव ठेवायचा मान आत्याचा, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून आईबापांनी ठरवलेलं नाव उच्चारायचं आणि पाठीत धपाटे खायचे, एवढाच तो मान. माझी तक्रार नव्हती. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर नावांचा पाऊस पडत होता आणि सगळ्यांच्या अटी एकच: तीन अक्षरांच्या वर नको, जोडाक्षर नको, परदेशी माणसाला म्हणता यायला हवं. त्या नावांचे अर्थ दिलेले असतात तेही मजेशीर. दहातल्या सहा नावांचा अर्थ "दुर्गेचं एक नाव", उरलेल्या चारांचा "लक्ष्मीचं एक नाव". वहिनी शाळेत शिकवते. तिच्या वर्गात दोन अन्वी, एक आन्वी, एक मान्वी आणि एक तन्वी आहे. "पोरी नाव ऐकून हात वर करत नाहीत, नंबर ऐकून करतात," ती म्हणाली. आणि मग सातव्या महिन्यात, पाय सुजलेले, समोर निवडायची मेथी, अशा अवस्थेत तिनं शांतपणे जाहीर केलं, "मुलगी झाली तर भागीरथी." आजीला तिनं पाहिलेलंसुद्धा नाही. फोटो आणि माझ्या गोष्टी, एवढ्यावर तिची ओळख.

भाऊ आधी हसला, मग घाबरला. जुनं नाव ठेवायचं तर त्याला रमा चाललं असतं, सई, मुक्ता, आनंदी, काहीही. ही नावं मधली पन्नासेक वर्षं कुठंतरी जाऊन आली आणि येताना तरुण होऊन आली. पण सगळ्यांना परत येता आलेलं नाही. सगुणा आली नाही. चंद्रभागा, द्वारका, ठमा, अनसूया दाराबाहेरच राहिल्या. जुनं नाव हवं, पण ते म्हातारं दिसता कामा नये, अशी आपली एक न बोललेली अट असते. शिवाय विनोदी कार्यक्रमात धुणंभांडी करणारी बाई दाखवायची झाली की तिला हमखास गंगूबाई म्हणतात. एखादं नाव जुनं झालं म्हणजे काय, तर आपल्या घरातून उठून ते कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी राहायला गेलं. त्यांच्याकडं ते कधी जुनं झालेलंच नसतं.

आईचा विरोध वेगळा होता. ती मोठ्यानं कधीच काही म्हणत नाही. तिनं मेथीची काडी मोडली आणि विचारलं, "रागवायचं कसं मग तिला?" आम्हाला कळेना. "अगं, पोर म्हटल्यावर धपाटा घालावा लागतो, ओरडावं लागतं. सासूबाईंचं नाव घेऊन मी कशी ओरडू?" पूर्वी याच्यावर तोड असायची. घरात थोराचं नाव पोराला ठेवलं की सुनेनं त्याला बाळ्या, बाबू, चिमी असं काहीतरी म्हणायचं. थोराचं नाव तोंडात येता कामा नये. आईनंही तेच केलं. बारशाच्या दिवशी मी कुर्र केलं, बायकांनी धपाटे घातले, आणि संध्याकाळी आई बाळाला "चिमणे" म्हणत अंगाईला लागली. त्यानंतर दीड महिना तिच्या तोंडून ते नाव एकदाही निघालं नव्हतं. वहिनीला ते लागलं असावं. मला तर लागलंच.

आजीला ते नाव लिहायला मी शिकवलं होतं. गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हाची गोष्ट. मी चौथीत होते आणि आजी वर्गाला जायला लाजायची, म्हणून ती माझ्याकडून शिकली. संध्याकाळी पडवीत, चिमणीसारख्या मिणमिणत्या बल्बखाली. माझी फुटकी पाटी, लोखंडी पत्र्याची. आजीच्या हाताला कोयत्याची, विळ्याची, जात्याच्या खुंट्याची सवय. पेन्सिल ती खुंट्यासारखीच मुठीत धरायची आणि पाटीवर इतका जोर द्यायची की पेन्सिलीचे तुकडे व्हायचे. भा आला, गी आला, र तर पहिल्या दिवशी आला. थ येईना. थ आणि य यांच्यात फरक तो डोक्यावरच्या गाठीचा. आजी गाठ मारायची विसरायची आणि पाटीवर उमटायचं "भागीरयी". मी खी खी हसायचे. "अगं आजी, गाठ! गाठ मार!" ती म्हणायची, "मारत्ये की, हात तर थांबव." मग एके दिवशी तिनं थ काढला, त्याच्या डोक्यावर गोल गोल अशी भलीमोठी गाठ मारली, सुपलीच्या बांधणीसारखी घट्ट, आणि पाटी लांब धरून कितीतरी वेळ बघत राहिली. आडनाव शिकवते म्हटलं तर नको म्हणाली. "एवढंच पुरे. हे माझं हाय." पेन्शनच्या कागदावर पुढं ती जिथं तिथं नुसतं भागीरथी लिहायची आणि कारकून कुरकुरत शेजारी आडनाव घालून घ्यायचा.

त्याच सुमारास कधीतरी मी तिला विचारलं होतं, "आजी, तुझं माहेरचं नाव काय होतं?" शाळेत कुणीतरी सांगितलं होतं की लग्नात बायकांची नावं बदलतात, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात. आजी म्हणाली, "ह्येच."

"लग्नाच्या आधी?"

"ह्येच की."

मोठी झाल्यावर मला त्या उत्तराचा राग यायला लागला. म्हणजे आजीचा नाही, तिचं नाव पुसणाऱ्यांचा. वाचत गेले तसा तो वाढला. १८७१ ते १८७४ या चारच वर्षांत आपल्याकडं तीन नद्या अशा आटल्या: टिळकांच्या घरी तापीची सत्यभामा झाली, रानड्यांकडं यमुनेची रमा झाली, आणि गोपाळराव जोशींच्या घरी दुसऱ्या एका यमुनेची आनंदी झाली. तीच आनंदी पुढं अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली, पण यमुना कुणाला आठवते? लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. एखादीच इरावती कर्वे, १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेली आणि तिथल्या नदीचं नाव घेऊन आलेली, जिची नदी लग्नानंतरही तीच राहिली. वहिनीनं भागीरथी म्हटल्यावर मी तिला हे सगळं ऐकवलं होतं. वर हेही की भागीरथीला देवप्रयागला अलकनंदा भेटते आणि तिथून पुढं तिचं नाव बदलून गंगा होतं, म्हणजे नद्यासुद्धा सुटलेल्या नाहीत. हे मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. "आजीवर लादलेलं नाव आपण बाळाला देतोय," मी म्हणाले, "तिचं खरं नाव सापडलं असतं तर ते दिलं असतं."

ते सापडलं. लसीच्या दिवसानंतर आठवड्यानं.

वहिनीला आजीचा एखादा तरुणपणीचा फोटो हवा होता, म्हणून बाबांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. फोटो नव्हताच. जुने दाखले होते, तगाईच्या पावत्या होत्या, आणि एका कापडी पिशवीत घडीवर घडी घातलेला स्टँपपेपर. हक्कसोडपत्र. आजीनं माहेरच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडला, त्याचं. शाई तांबूस झालेली, कारकुनी वळणाचं अक्षर. "लिहून देणार", आणि त्याच्यापुढं, "भागीरथी ऊर्फ नकुशी, भ्र." आणि आजोबांचं नाव. खाली "राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देते". त्याखाली जांभळ्या शाईचा अंगठा, जरासा फरकटलेला.

भावानं मोठ्यानं वाचलं आणि "ऊर्फ"च्या पुढं त्याचा आवाज थांबला.

नकुशी म्हणजे काय ते या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलींवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकुशी ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो. २०११ मध्ये साताऱ्यात पावणेतीनशेहून जास्त नकुशींना समारंभ करून नवी नावं दिली होती, तेव्हा पेपरात फोटो आले होते. शाळेच्या गणवेशातल्या मुली, हातात प्रमाणपत्रं. मी तो पेपर वाचून हळहळले होते, दुसऱ्यांच्या आज्या, दुसऱ्यांच्या पोरी म्हणून. आमची आजी तीन बहिणींतली धाकटी. तिच्या पाठीवर भाऊ झाला. म्हणजे नाव लागू पडलं. ज्याच्यासाठी ती नकुशी झाली, त्याच्याच नावे तिनं अंगठा उठवला. तो मामाआजोबा दिवाळीला यायचा, तिला "नकू" म्हणायचा आणि ती तोंड फिरवून आत जायची. मला लहानपणी वाटायचं तो "नाकू" म्हणतोय, आजीचं नाक मोठं आहे म्हणून चिडवतोय. मीसुद्धा दोनतीनदा तिला नाकू म्हटलं होतं. एकदा तिनं मला त्यावरून मारलं होतं, आजीनं मारलेलं ते एकमेव. कशाबद्दल मारलं ते तेव्हा कळलं नव्हतं.

तर हे तिचं खरं नाव. माझं नद्यांचं भाषण माझ्याच घशात अडकलं. तेरा-चौदा वर्षांच्या त्या पोरीपुढं सासरी तांदळाचं ताट आलं असेल, कुणीतरी अंगठीनं त्यात चार अक्षरं ओढली असतील, जी तिला वाचताही येत नव्हती. कुणीतरी वाचून दाखवलं असेल: भागीरथी. त्या क्षणी तिला काय वाटलं असेल ते मी लिहिणार नाही, कारण मला हवं ते मी तिच्या तोंडी घालेन. पाटीवरची ती गाठ तेवढी आठवते. आणि "हे माझं हाय".

बाबांनी कागद आईकडं दिला. आईनं चष्मा लावून सावकाश वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चतु:सीमेसकट. मग घड्या होत्या तशाच घालून परत दिला. "म्हणून," ती म्हणाली. तेवढंच. मला कळलं ती कशाबद्दल म्हणाली. माझ्याबद्दल.

माझं पाळण्यातलं नाव हौसा. मी पहिली, मुलगी, आणि आजीनं बारशाला आईला न विचारता आत्याच्या कानात ते सांगून टाकलं होतं. आईच्या मनात शहरातलं, पुस्तकातलं एक नाव होतं, नऊ महिने जपलेलं. तिनं चकार शब्द काढला नाही आणि पाच वर्षांनी शाळेत घालताना परस्पर ते नाव लिहून दिलं. त्यावरून घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही म्हणतात. पुढं सगळं जग मला शाळेतल्या नावानं ओळखायला लागलं, फक्त आजी सोडून. मी कॉलेजात असताना ती एसटी स्टँडवर भेटायला यायची तेव्हा मी मैत्रिणींना टाळून जायचे, कारण ही बाई एवढ्या गर्दीत "हौसे!" म्हणून खणखणीत हाक मारणार. लाज वाटायची मला त्या नावाची. जुनाट, अडाणी, शेणामातीचं. हौसेनं झालेली, हवी असलेली, म्हणून हौसा, हा अर्थ मला माहीत होता. पण नुसता अर्थ कळून काय होतंय? आई इतकी वर्षं ती गोष्ट सासूच्या वरचढपणाच्या यादीत पहिल्या नंबरवर ठेवून होती. त्या यादीत इतरही पुष्कळ होतं, आणि ते खोटं नव्हतं. जाच होता. गरम पाण्यावरून, माहेरच्या निरोपावरून, उष्ट्याखरकट्यावरून रोजचा होता. एका कागदानं तो पुसला जात नाही, आणि आईनंही तसा काही आव आणला नाही. फक्त यादीतली पहिली ओळ तिला खोडावी लागली, आणि खोडायला आता समोर कुणी नव्हतं.

जन्मदाखल्याचा फॉर्म अजून फ्रिजवर चुंबकाखाली होता. १९६९ च्या कायद्यात ही एक बरी सोय आहे. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, पण नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. बारा महिन्यांत नाव कळवलं तर दंडसुद्धा नाही. भाऊ म्हणाला, "अजून वेळ आहे. बदलायचं असेल तर..." त्याला रमा आठवली असणार. वहिनीनं त्याच्याकडं न बघता पेन मागितलं. तिचा एक मुद्दा पहिल्यापासून होता, जो मला तेव्हा उगीच लांबचा वाटला होता. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं. म्हणजे हिला उद्या मूल झालं तर त्याच्या प्रत्येक कागदावर मधोमध भागीरथी येणार. "आणि ऊर्फ काही नाही," वहिनी म्हणाली. तिनं लिहिलं. मी शेजारून तिचा थ बघत होते. शाळेतल्या बाईंचा थ, सुबक, इवलीशी गाठ.

अडीच महिन्यांच्या लसीला वहिनीला सुट्टी मिळेना, म्हणून आई आली. पंजाबी ड्रेस घालते आई हल्ली, गुडघे दुखतात तेव्हापासून. तेच बाक, तोच फिनेल. त्या आजी कुठं दिसतात का म्हणून मी नजर फिरवली, नव्हत्या. दार उघडलं, नर्सबाईंनी हाक मारली, "भागीरथी!" आणि माझ्या शेजारी आईचा हात झटकन वर गेला, खांद्यावर, नसलेला पदर डोक्यावर ओढायला. तिचं तिला कळलं. तिनं ओढणीच नीट केली आणि बाळ माझ्याकडून घेऊन आत गेली.

मी दाराशी थांबले. सुई टोचली तशी आतून जी आरोळी उठली ती काही केल्या थांबेना. नर्सबाई कापूस दाबत म्हणाल्या, "काय गं हा आवाज, केवढीशी ती!" आई बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती, चिमणे चिमणे करत होती, पोर श्वास कोंडून निळं व्हायला लागलं होतं.

"भागे!" आई ओरडली. "गप! एकदम गप!"

पोर दचकून गप झालं. आई माझ्याकडं बघत होती, तोंडावर हात घेऊन.